मनगटातील बोगदा आणि हाताचे बळ

१८५४ साली लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी मनगटाजवळचे हाड मोडल्यानंतर मध्य मज्जातंतू दाबला गेल्याची नोंद प्रसिद्ध केली. या दाबावरील शस्त्रक्रियेचे वर्णन लर्मंथ यांनी १९३३ साली केले आणि १९५० नंतर जॉर्ज फॅलन यांच्या लेखनामुळे ती सर्वत्र रूढ झाली. फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जिची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या भिलाईत, वैशाली नगरासारख्या वस्तीत राहून हातांच्या बळावर संसार चालविणाऱ्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कारण थरथरणारी अवजारे वर्षानुवर्षे घट्ट धरणे हे या विकाराच्या ज्ञात कारणांपैकी एक आहे, आणि मधुमेह, थायरॉइडचे विकार व गर्भावस्था यांतही तो उद्भवतो.

मनगटाच्या लहान हाडांची एक खोलगट कमान असते व तिच्या तोंडावर एक आडवा, चिवट अस्थिबंध ताणलेला असतो. या दोहोंमधील अरुंद मार्गातून, म्हणजेच मनगटाच्या बोगद्यातून, बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि मध्य मज्जातंतू हाताच्या पंजात उतरतात. निरोगी माणसाचे मनगट सरळ असता येथील दाब पाऱ्याच्या सुमारे अडीच मिलिमीटर भरतो. रोग्यांमध्ये तो सरासरी ३२ आढळला आणि मनगट मागे वाकविताच शंभराच्या वर गेला, असे गेल्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून दाखविले. एवढ्या दाबाखाली मज्जातंतूतील सूक्ष्म रक्ताभिसरण मंदावते. रात्री झोपेत मनगट दुमडले गेले की अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत मुंग्या येऊन रोगी हात झटकत उठतो, याची उपपत्ती येथेच आहे.

अस्थिबंध छेदला की दाब तत्काळ उतरतो, बोगद्याचे आकारमान सुमारे पाव हिश्श्याने वाढते, त्याचा लंबगोल छेद गोलाकडे झुकतो आणि आतील सामग्री तळहाताच्या बाजूला सरकते. कमानीची हाडे स्वतः कितपत फाकतात, याविषयी मापन करणाऱ्यांत एकवाक्यता नाही. परंतु 'नस मोकळी केली' एवढ्या बोलण्यावर संतुष्ट राहणाऱ्याने हेही ध्यानी घ्यावे की, जो अस्थिबंध कापला तो निरुपयोगी नव्हता. विहिरीच्या दोराला कप्पी जशी जागेवर धरते, तसा तो मनगट वाकले असता कंडरांना हाडांलगत धरून ठेवतो, आणि अंगठ्याच्या व करंगळीच्या बुडातील लहान स्नायूंचा उगमही काही अंशी त्याच्यावरच असतो. तो सुटला म्हणजे कंडरा पुढे उचलल्या जातात, तेवढेच बोट मिटविण्यास स्नायूला अधिक आखडावे लागते, आणि तळहाताच्या दोन्ही उंचवट्यांत कित्येक आठवडे ठणका राहतो. एका मापनात मुठीची पकड तिसऱ्या आठवड्यात पूर्वीच्या सुमारे पाव, सहाव्यात पाऊण आणि तीन महिन्यांनी पूर्ववत आढळली; चिमटीचे बळ मात्र सहा आठवड्यांतच जवळजवळ परतले होते. कापलेल्या टोकांमधील फट दरम्यान नव्या ऊतीने भरते व अस्थिबंध किंचित लांब होऊन पुन्हा सांधतो. दुर्बिणीच्या साहाय्याने, तळहाताची त्वचा व वरचे पदर राखून केलेल्या छेदाने पहिल्या काही आठवड्यांत पकड लवकर सुधारते. वर्षअखेरीस ही आणि तळहात उघडून छेद घेण्याची, अशा दोन्ही पद्धतींचे फल सारखेच दिसते. म्हणून पद्धतीच्या वादापेक्षा शल्यविशारदाच्या हाताला मला अधिक महत्त्व वाटते.

शस्त्रक्रियेनंतर बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत, मात्र मनगट वाकवून जोराने मूठ आवळू नये, ही सूचना या यंत्रशास्त्रातूनच निघते. तेव्हा रजेचा दाखला लिहिणाऱ्यांना आणि ती मंजूर करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी रोग्याचा व्यवसाय विचारून मुदत ठरवावी; कारण टाके निघाल्यावर लेखणी धरता येणाऱ्या हाताला घण पेलता येईलच असे नाही, आणि अशा कामगारास तीन महिन्यांपर्यंत हलके काम देण्याची तजवीज झाली पाहिजे. आणि ज्यांची बोटे रात्री बधिर होतात, त्यांनी अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा ओसरण्याची वाट न पाहता वैद्याकडे जावे. तो एकदा पुरता ओसरला म्हणजे शस्त्रक्रियेनेही नेहमी भरून येत नाही.