मालिश करावी, पण कोणती?

मिरचीचा हंगाम आला की धर्माबादच्या मोंढ्यात पाठ-कंबर धरून बसलेली माणसे दिसू लागतात. पोती उचलणारे हमाल, दिवसभर मांडी घालून देठ खुडणाऱ्या बाया, वाकून हिशेब लिहिणारे मुनीम. साऱ्यांचा मला एकच प्रश्न असतो, "डॉक्टरसाहेब, मालिश केली तर चालेल का?" अलीकडे त्यात भर पडली आहे. कोणी नांदेडला पंचकर्माची पाटी वाचून येतो, कोणाचा मुलगा हैदराबादेत नोकरीला असतो आणि तो तिथल्या 'स्पा'चे कौतुक सांगतो. मग विचारणा होते ती अशी, की पैसे घालवायचेच तर कोणत्या मालिशीवर घालवावेत?

यावर मी उलट प्रश्न करतो. दुखते कुठे, कधीपासून, आणि अंग नुसते शिणले आहे की काही आजार आहे? कारण मालिशीचे काम मर्यादित आहे. चोळण्याने त्वचा व स्नायू गरम होतात, आखडलेला स्नायू सैल होतो, दुखण्याची जाणीव काही काळ कमी होते, झोप बरी लागते. हा लाभ लहान नाही. पण मालिशीने चरबी झडत नाही, मणक्यातली सरकलेली गादी जागेवर बसत नाही आणि संधिवात मुळापासून जात नाही. कंबरदुखीवरील मालिशीच्या २५ अभ्यासांचा 'कॉक्रेन' या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. त्यात थोड्या दिवसांपुरता आराम आढळला, मात्र दीर्घकाळ उपयोग होतो असे खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही.

नुसता शीण असेल तर घरच्या अभ्यंगासारखे दुसरे काही नाही. आपण दिवाळीत एक दिवस करतो, वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त ते रोज करायला सांगितले आहे आणि डोके, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले आहे. त्याच ठिकाणी अजीर्ण झालेल्याने व कफाने ग्रासलेल्याने अभ्यंग करू नये, असेही बजावले आहे. ही दुसरी बाजू पाटीवर कोणी लिहीत नाही! (कानाला तेल लावावे, पण कानात ओतू नये. पडद्याला भोक असेल तर ते महागात पडते.) तेल तिळाचे असो की आपल्याकडचे करडईचे, कोमट करून घ्यावे. हातापायांवर लांब हात फिरवावा, सांध्यांवर गोल फिरवावा. पोट रिकामे असावे. अर्ध्या तासाने कोमट पाण्याने स्नान करावे. खर्च वाटीभर तेलाचा.

पंचकर्माच्या नावाखाली तेल चोळून वाफ देण्याचे जे पॅकेज विकले जाते, त्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल व वाफ, ही पूर्वकर्मे आहेत, निव्वळ तयारी आहे. खरी पंचकर्मे म्हणजे वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. ती रुग्णाची प्रकृती तपासून शिकलेल्या वैद्याने करायची असतात. तेव्हा तेथे बी.ए.एम.एस. वैद्य स्वतः तपासतो का, हे आधी विचारावे. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. चकचकीत केंद्रात हजारो रुपये मोजण्यापूर्वी तेथे एकदा दाखवून यायला हरकत नाही.

स्पामध्ये 'स्वीडिश' म्हणून जी मालिश मिळते तिची पद्धत एकोणिसाव्या शतकात योहान मेझगर नावाच्या हॉलंडच्या डॉक्टरने बसवली, असे मानतात. हलक्या हाताची व आरामाची. ज्याला परवडते त्याने जरूर करावी. थाई मालिशीत तेल नसते, कपडे अंगावर ठेवून हातपाय ताणतात. ठिसूळ हाडांच्या वृद्धांनी तिच्या वाटेला जाऊ नये. तालमीतली मालिश तर वेगळीच. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा महाराष्ट्र केसरी दिला. अशा घडवलेल्या अंगाला तो रगडा सोसतो. गादीवर बसून साठी गाठलेल्या शेठजींनी पहिलवानाला पाठीवर उभे करण्याचे कारण नाही.

आता चंपी. ही आपली चीज. इंग्रजांचा 'शाम्पू' हा शब्द आपल्या 'चांपणे'चाच भाऊबंद आहे. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या ब्रायटन गावी चंपीचे स्नानगृह थाटले होते. डोक्याची चंपी खुशाल करून घ्या. मात्र शेवटी मान दोन्ही हातांत धरून 'कट' असा आवाज काढतात, तेथे हात जोडून नको म्हणा. मानेतून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जातात. झटक्याने त्यांचे आतले अस्तर फाटू शकते, तेथे गाठ धरते आणि पक्षाघात होतो. कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या एका तरुणाला अशाच फुकटच्या चंपीनंतर झटका आल्याची बातमी २०२४ साली वर्तमानपत्रांत आली होती. असे क्वचित घडते, हे खरे. पण एका आवाजाच्या सुखासाठी एवढी जोखीम कशाला?

याहून मोठी चूक घराघरांत प्रेमापोटी होते. पायाला प्लास्टर असते किंवा माणूस आजारपणाने पडून असतो. एका पायाची पोटरी सुजते, गरम लागते, दुखते. घरचे म्हणतात, रक्त साखळले असेल, चोळून देते. रक्त खरोखरच साखळलेले असते, म्हणूनच चोळायचे नसते! शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जातो. दिल्लीत २०१६ साली घोट्याला मार लागून प्लास्टर घातलेल्या एका २३ वर्षांच्या तरुणाचा पाय आईने तेल लावून चोळला आणि असेच घडले. पुढे 'एम्स'च्या डॉक्टरांनी ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा एकच पाय सुजला असेल तर तेलाची वाटी ठेवून द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागत असेल तर तासभरही थांबू नका.

हाड मोडल्यावर चोळण्याचेही तसेच. मूल झाडावरून पडते, कोपराला मार लागतो, हाडवैद्याकडे रोज तेल लावून चोळणे सुरू होते. कोपराभोवतालच्या दुखावलेल्या स्नायूत त्यामुळे नवे हाड धरू लागते आणि हात कायमचा आखडतो. मार लागला की आधी एक्स-रे काढावा.

याशिवाय ताप असताना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना, फुगलेल्या निळ्या शिरांवर किंवा गाठ असलेल्या जागी मालिश करू नये. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर वरून गरम शेक देऊ नये, भाजले तरी कळत नाही. कंबरदुखीबरोबर पायात कमजोरी आली, जननेंद्रियाभोवती बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर ती तातडीची बाब समजावी.

महिनोन्महिने रेंगाळलेल्या मान-कंबरदुखीला मात्र मी फिजिओथेरपिस्टकडे पाठवतो. तेथे चोळणे थोडे आणि व्यायाम जास्त, म्हणून लोक नाराज होतात. "पैसे देऊन व्यायाम आम्हीच करायचा का?" असे एका हमालाने मला विचारले होते. होय, कारण दुखणे परत येऊ नये यासाठी स्नायू बळकट व्हावे लागतात आणि ते दुसऱ्याच्या हाताने होत नाहीत. त्या व्यक्तीची पदवी व राज्य परिषदेकडील नोंदणी विचारायला संकोच करू नये.

बाळाच्या मालिशीवर बाया पुष्कळ लिहायला सांगतात, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. सध्या एवढेच, की हात हलका ठेवावा, खोबरेल चांगले, नाका-कानात तेल घालू नये आणि टाळू दाबू नये.

आणि मिरचीत काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. देठ खुडलेल्या हातांनी तेल घेऊन कोणाला चोळाल, तर ते तेल त्याच्या अंगभर आग पसरवील. आधी हातांना थोडे गोडे तेल लावून पुसून काढावे, मग साबणाने दोनदा धुवावे, नखांच्या आतही. त्यानंतरच मालिशीच्या वाटीत बोटे बुडवावीत.