एक गाव पुढे गेलेली बाई

वाकळ शिवणारी बाई कडेपासून सुरुवात करते. खाली जुनं धोतर, मधे विटलेल्या साड्यांचे थर, वर त्यातल्या त्यात बरं लुगडं. मग धावदोरा कडेकडेने फिरत आत सरकतो. घरचं आवरून रोज चार तास बसली, तर समजा दहा दिवसांत काम हातावेगळं होतं. आता तिला किंमत विचारा. "काय, जुन्याच तर साड्या!" म्हणत ती चारशे-पाचशे सांगेल. पण चाळीस तास म्हणजे आठ तासांचे पाच दिवस. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा रोज २९७ रुपये होता. त्या दराने नुसती मजुरीच १,४८५ रुपये भरते. सुई-दोरा वेगळा, आणि कोणता रंग कुठे बसवायचा ही नजर तर कुठल्याच वहीत लागत नाही.

धाराशिव जिल्ह्यात हातात कला असलेल्या बाईला व्यवसायाचं मार्गदर्शन करायचं, तर पहिला धडा हा हिशेबाचा. टाका तिला शिकवू नये, तो तिला आपल्यापेक्षा चांगला येतो.

या जिल्ह्यात बाईने बाईला धंद्याची वाट दाखवण्याची रीत पडली, तिचं मूळ एका संकटात आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गावं झोपेत, आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारीचं नाव सगळ्यांच्या तोंडी राहिलं, पण सास्तूर आणि भोवतालची गावं आपल्याच जिल्ह्यातली. पुनर्बांधणीच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने गावागावांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घराचं अनुदान कसं मिळतं, भिंत कशी बांधली म्हणजे टिकते, हे गावाला सांगायचं आणि गावाचं गाऱ्हाणं साहेबांपर्यंत न्यायचं. उंबऱ्याबाहेर बोलायची सवय नसलेल्या बायका इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. त्यातूनच 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. पुढे बचत गट, मग कर्ज, मग धंदा. एका गावची बाई शेजारच्या गावात जाऊन सांगायची आणि ऐकणारी पुढच्या गावी जायची. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या.

या साखळीतलं ठळक नाव म्हणजे हिंगळजवाडीच्या कमल कुंभार. सुरुवात बांगड्या विकण्यापासून. हा धंदा मला फार मोलाचा वाटतो. बांगडी विकणारी दारोदार जाते, हात हातात घेऊन माप काढते, कोणत्या घरी लग्न आहे आणि कुणाला कोणता रंग चालत नाही हे तिला पाठ असतं. बाजाराची पाहणी म्हणतात ती हीच. पुढे त्या कोंबडीपालनात आणि इतर जोडधंद्यांत शिरल्या, इतर बायकांनाही त्यांनी उभं केलं. २०२१ सालचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना ८ मार्च २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. त्याच समारंभात निलगिरीच्या तोडा भरतकामातल्या दोन कारागीर बायका आणि सिक्की गवताच्या कलाकारही होत्या.

अशी वाट धाराशिवबाहेरही निघाली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली आणि पुढे धंद्याची शाळाच बसमध्ये घालून गावोगाव फिरवली. सरकारच्या बाजूने 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि 'उमेद' (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आहेत. गट, प्रभागसंघ, प्रदर्शनं असा त्यांचा पसारा मोठा. प्रदर्शनात माल खपतो हे खरं, पण आठ दिवसांनी मांडव उतरल्यावर गिऱ्हाईक पुन्हा कुठे भेटणार, हे बाईला कुणीतरी शिकवायला लागतं.

नळदुर्गाकडच्या बंजारा तांड्यांत ही उणीव जास्त जाणवते. आरसे, कवड्या, गडद धाग्यांचं भरतकाम आजीच्या पेटीत असतं. कर्नाटकात संडूरला याच समाजाच्या भरतकामाला कला केंद्र लाभलं, २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. टाके तेच, पण तिथे नमुने ठरवणारं, मोजमाप लावणारं, ऑर्डर आणणारं कुणीतरी मागे उभं राहिलं.

आता मानांकन आपल्याकडेही आलंय, तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला. गंमत बघा, समुद्र कुठल्या कुठे, आणि समुद्राची कवडी भवानीच्या दारात ओवली जाते. देवीच्या भक्ताच्या, आराध्याच्या, गळ्यात ती माळ पडते तेव्हा कुणी ओवली हे कुणी विचारत नाही. मानांकनाचं नाव मालावर लावायचं, तर ओवणाऱ्याला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. म्हणजे अर्ज आला, कागद आले. अनेक बायकांचं आधारवर माहेरचं नाव असतं, पासबुकावर सासरचं, आणि तिसऱ्याच कागदावर दोन्हींची खिचडी. वर्गात फळ्यावर 'ब्रँडिंग' लिहून हा गुंता सुटत नाही. तो सुटतो ज्या बाईने मागच्या वर्षी याच खिडकीवर तीन हेलपाटे घातले तिच्याकडून. ती नव्या बाईला एसटीतच सांगते, "आधी नाव सारखं करून घे गं, मग अर्जाला हात लाव. आणि दुपारी जाऊ नको, साहेब जेवायला गेलेले असतात."