बंद खाणीचा फोटो काढताना

शाळेत नेलेली दगडी पाटी आठवते ना? हातातून पडली की फुटायची आणि घरी बोलणी बसायची. त्या दगडाला स्लेट म्हणतात. आज आपण स्लेटच्या बंद पडलेल्या खाणी आणि त्यांचे फोटो, याविषयी बोलू.

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. तिथं लॅनबेरिस गावाजवळ डिनॉर्विकची खाण आहे. अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला. एके काळी तीन हजारांवर माणसं तिथं राबायची. छिन्नीनं दगडाचे पातळ पापुद्रे काढायचे आणि ते घरांच्या छपरांवर बसवायला जायचे. १९६९ साली खाण बंद पडली. २०२१ साली युनेस्कोनं तिथल्या स्लेटच्या सगळ्या मुलखाला जागतिक वारसा म्हटलं. आता लोक लांबून फोटो काढायला येतात.

आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही मोबाईलवर ते फोटो पाहिले. एका फोटोवर सगळ्या थांबलो. समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा. भिंती उभ्या, शेकोटीची जागा तशीच, पण वर छप्पर नाही. अँगलसी बेटावरचे कामगार इथं राहायचे. सोमवारी पहाटे घर सोडायचं, शनिवारी परत जायचं, आठवड्याचा शिधा घरून आणायचा. १९४८ साली तपासणी झाली आणि या खोल्या राहण्याजोग्या नाहीत असं ठरलं.

तेव्हा आमच्यातली एक ताई म्हणाली, "तो शिधा बांधून देणारी फोटोत कुठंय?"

प्रश्न बरोबर होता. खाणीतलं काम पुरुषांचं, पण छपराच्या स्लेटच्या मापांना नावं मात्र बायकांची. चोवीस बाय बारा इंचाची ती डचेस, वीस बाय दहाची काउंटेस, सोळा बाय आठची लेडी. या सगळ्या राजघराण्यातल्या आणि बड्या घरच्या बायका. कामगाराच्या बायकोचं नाव कशालाच नाही. कामगारांची छाती भरून यायची, दम लागायचा, तेव्हा खाणीचे काही डॉक्टर धुळीला नव्हे, तर फार उकळलेल्या चहाला दोष द्यायचे. म्हणजे बोट शेवटी घरच्या चुलीकडेच! खरा आजार होता सिलिकोसिस, दगडाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी करणारा. भरपाईचा कायदा आला १९७९ साली, तोवर ही खाण बंद होऊन दहा वर्षं झाली होती. आपल्याकडंही मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरची पेन्सिल बनवणाऱ्या कामगारांना याच आजारानं गाठलं.

म्हणून पडक्या जागेचा फोटो काढताना काही गोष्टी लक्षात ठेवू.

सकाळी किंवा उतरत्या उन्हात फोटो काढावा. तिरप्या उन्हात दगडावरचे छिन्नीचे घाव दिसतात. पाऊस पडून गेल्यावर दगडाचा रंग खुलतो, पण पाय घसरतो, तेव्हा जपून. आधी लांबून सगळी जागा घ्यावी, मग जवळून चूल, उंबरा, कोनाडा. खाण केवढी ते कळावं म्हणून फोटोत एखादं माणूस असू द्यावं, पण सुरक्षित जागी.

कड्याच्या टोकाशी किंवा कड्याखाली उभं राहू नये. दगडाच्या ढिगावर चढू नये. बोगद्यात आणि पडक्या छपराखाली जाऊ नये. खाणीतलं साचलेलं पाणी शांत दिसतं, पण काठालाच एकदम खोल असतं. एकटीनं जाऊ नये, मुलांना नेऊ नये. जागेच्या मालकाला आधी विचारावं. तिथली वस्तू उचलून आणू नये.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, फोटोबरोबर वहीत लिहावं: जागा, तारीख, इथं कोण राबलं, मजुरी किती मिळायची, पाणी कुठून आणायचे, कोण आजारी पडलं.

आमच्या गावाशेजारची खडीची खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथं पाट्या वाहिलेल्या बाया अजून आहेत. काहींना खोकला आहे, आणि त्यांच्याजवळ त्या कामाचा एकही फोटो नाही, कागद नाही. पुढच्या बैठकीला आम्ही वही आणि मोबाईल घेऊन त्यांच्या घरी जाणार आहोत. खोकणाऱ्यांना दवाखान्यात नेऊ, तेव्हा त्यांनी खाणीत किती वर्षं काम केलं हे डॉक्टरांना आधी सांगू. तुमच्या गावात अशी खाण असेल, तर तुम्हीही म्हाताऱ्या माणसांपासून सुरुवात करा. खाण तिथंच राहणार आहे, माणसं राहणार नाहीत.