कमरेचे पिस्तूल, शेजारचा माणूस

सकाळी कामाच्या वेळेला दिव्याच्या फलाटावर उभे राहून पाहावे. भरून आलेल्या लोकलमध्ये शिरताना माणसे पाठीवरची सॅक पुढे, छातीशी घेतात. आपल्या डब्याचा कोपरा मागच्याच्या बरगडीत रुतू नये, एवढीच त्यामागची समज. दीड वीत जागेत दोन माणसे मावतात, ती अशा समजुतीवर.

आता कल्पना करा, की याच वस्तीतल्या एखाद्या हळदीच्या मांडवात एक गृहस्थ येतात. कमरेला पिस्तूल आहे आणि ते दिसावे अशा बेताने सदरा खोचला आहे. कोणी काही बोलत नाही. गप्पा मंदावतात, पुढची खुर्ची रिकामी होते, एखादी आई मुलाला हळूच जवळ ओढते. गृहस्थांना हा आपला मान वाटतो. पण मान देणारा माणूस जवळ येतो आणि भ्यालेला चार पावले मागे सरतो, एवढा साधा फरक त्यांच्या लक्षात येत नाही.

लोक बंदूक पाहून सरसकट घाबरतात असेही नाही. बँकेच्या नोकरीत माझी कित्येक वर्षे बंदुकीच्या शेजारी गेली. दारावरचा रखवालदार बहुधा निवृत्त जवान असे आणि त्याच्या हातात बाराबोअरची दुनळी. पेन्शनला आलेल्या आजीबाई त्याच्याच बाजूच्या बाकावर बसून त्याच्याकडून स्लिप भरून घेत. बंदूक उघडी होती, तरी ती कोणाकरता आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या बंदुकीला स्वतःचा राग-लोभ नव्हता. मांडवातल्या पिस्तुलाला तो असतो, आणि तो कोणावर निघेल हे कोणालाच माहीत नसते.

ही भीती हवेतली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वैरातून भररस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच गोळीबार झाला. शिवसेनेचे महेश गायकवाड आणि त्यांचा सहकारी जखमी झाले. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना त्या प्रकरणी अटक झाली. ते दृश्य कॅमेऱ्यात टिपले गेले आणि घरोघरी पाहिले गेले. पोलीस ठाण्यात असे घडू शकते हे पाहिलेला माणूस मांडवात निर्धास्त कसा बसेल?

आपला कायदा याबाबतीत मुळीच मोघम नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१६ साली जे नियम झाले, त्यांत म्हटले आहे की सार्वजनिक जागी बंदूक न्यायची तर ती म्यानात वा पिशवीत, पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवी. ती परजणे मना आहे आणि नियम मोडला तर परवाना रद्द होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात बेफिकीरपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. परवाना मिळतो तो स्वतःच्या रक्षणासाठी. शेजाऱ्याला धाक दाखवणे त्यात बसत नाही.

अमेरिकेत तर कित्येक राज्यांत उघडी बंदूक बाळगणे कायदेशीर आहे. तिथेही सप्टेंबर २०१३ मध्ये स्टारबक्स या कॉफीच्या कंपनीने गिऱ्हाइकांना जाहीर विनंती केली, की आमच्या दुकानात बंदुका आणू नका. बंदी घातली नाही, विनंतीच केली. कायद्याने मुभा आहे म्हणून शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या घशाखाली कॉफी उतरेलच असे नाही, हे त्या दुकानदाराला उमगले होते.

आपल्याकडे दर निवडणुकीत एक गंमत पाहायला मिळते. आचारसंहिता लागली, की पडताळणी करून अनेक परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. काही आठवडे त्यांच्या कमरा रिकाम्या असतात. त्या दिवसांत त्यांना गावात कोणी ओळख दिली नाही, की लग्नाची पत्रिका पाठवली नाही, असे अजून तरी ऐकिवात नाही.