माणसं उरली ५० हजार, तरीही निवडणूक? ‘बॅटलस्टार’च्या राष्ट्राध्यक्षांचा वाद आणि आपल्या राष्ट्रपतींचे अधिकार

एका शिक्षणमंत्री बाईंना सकाळी डॉक्टर कॅन्सर असल्याचं सांगतात आणि त्याच प्रवासात त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष होतात. कारण त्यांच्या वरचे ४२ जण एका हल्ल्यात मारले गेलेले असतात. उत्तराधिकाऱ्यांच्या यादीत बाईंचा नंबर ४३ वा.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी सायफाय मालिकेतल्या राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉस्लिन यांची ही सुरुवात. मालिका संपून बरीच वर्षं झाली, तरी चाहत्यांमधला वाद संपलेला नाही. रॉस्लिनबाईंनी माणसं वाचवली की लोकशाही मोडली?

जळगावकरांना यातली एक गोष्ट ओळखीची वाटेल. शिक्षण खातं सांभाळलेली महिला देशाच्या सर्वोच्च पदावर पोहोचल्याचं आपण प्रत्यक्ष पाहिलं आहे. नाडगावात जन्मलेल्या, जळगावच्या एम. जे. कॉलेजमध्ये शिकलेल्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. साम्य मात्र इथंच संपतं. रॉस्लिन यांनी जे केलं, ते आपल्या राष्ट्रपतींना करता येईल का? एकेक मुद्दा समजून घेऊ.

(मालिका पाहायची राहिली असेल तर सावधान, पुढे कथेतले महत्त्वाचे प्रसंग उघड होतात.)

मालिका नेमकी काय आहे?

१९७८ च्या जुन्या मालिकेची ही नवी आवृत्ती. निर्माता-लेखक रोनाल्ड डी. मूर. डिसेंबर २००३ मध्ये मिनी सीरिज आली आणि मुख्य मालिका २००९ पर्यंत चालली. माणसानेच बनवलेले ‘सायलॉन’ नावाचे यंत्रमानव बारा वसाहतींवर अणुहल्ला करतात. अब्जावधी मरतात. उरतात ती अवकाशात असलेल्या जहाजांवरची जेमतेम ५० हजार माणसं आणि ‘गॅलॅक्टिका’ ही म्युझियम होण्याच्या बेतात असलेली जुनी युद्धनौका.

नागरी सत्ता रॉस्लिन यांच्याकडे (अभिनेत्री मेरी मॅकडॉनेल), लष्करी सत्ता कमांडर अडामांकडे (एडवर्ड जेम्स ओल्मोस). हे दोघं कधी एकत्र, कधी एकमेकांविरुद्ध. रॉस्लिन यांच्या ऑफिसात एक पांढरा फळा आहे. त्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो. कुणी मेलं की पुसायचा, बाळ जन्मलं की एक वाढवायचा.

दहशतवाद, छळ, आणीबाणी हे विषय मालिकेने इतक्या गांभीर्याने हाताळले, की मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात तिच्यावर खास चर्चा झाली. निर्माते आणि हे दोन्ही कलाकार तिथे हजर होते.

वाद कोणत्या निर्णयांवर आहे?

यादी मोठी आहे. मुख्य सहा अशी:

१. मागे सोडलेली जहाजं: काही जहाजांना एका उडीत दूर पळण्याची यंत्रणाच नव्हती. शत्रू जवळ आला. रॉस्लिन यांनी ती जहाजं माणसांसकट मागे सोडली.

२. ‘ऑलिम्पिक कॅरियर’: हे प्रवासी जहाज सायलॉनना माग देतंय असा संशय आला. जहाजावर १,३४५ प्रवाशांची नोंद होती. तरी ते पाडायला रॉस्लिन यांनी संमती दिली.

३. कैद्याला दिलेला शब्द: सायलॉन कैद्याने माहिती दिली तर जीवदान, असं आश्वासन दिलं. माहिती मिळाल्यावर त्याला थेट अवकाशात फेकायला लावलं.

४. गर्भपातबंदी: स्वतः आयुष्यभर स्त्रीच्या निवडीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बाईंनी लोकसंख्या घटतेय म्हणून गर्भपातावर बंदी आणली.

५. मतपत्रिकांत घोळ: निवडणुकीत बाल्टर हा प्रतिस्पर्धी जिंकणार असं दिसल्यावर त्यांच्या माणसांनी मतपत्रिका बदलल्या. रॉस्लिन यांना ते माहीत होतं.

६. लपवलेलं बाळ: एका सायलॉन आईला तुझं बाळ गेलं असं सांगितलं गेलं. बाळ जिवंत होतं आणि दुसरीकडे वाढवलं जात होतं.

ज्यांनी ऑप्टिमायझेशनचा पेपर दिलाय त्यांना पहिल्या दोन निर्णयांचं गणित लगेच कळेल. जास्तीत जास्त जीव वाचवायचे, वेळ आणि इंधन मर्यादित. पण तिसऱ्यापासून पुढे गणित बदलतं. तिथे फळ्यावरचा आकडा वाढवण्यासाठी माणसांचे हक्कच कमी केले जातात. खरा वाद तिथून सुरू होतो.

असा ४३ वा नंबर आपल्याकडे आहे का?

नाही. आपली यादी फारच छोटी आहे. राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर उपराष्ट्रपती काम पाहतात. तेही नसतील तर १९६९ च्या कायद्यानुसार सरन्यायाधीश, आणि तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीश. त्यापुढे यादी नाही.

हा कायदा वापरण्याची वेळ एकदा आली. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले, पण निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. मग सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतींचं काम पाहिलं. मात्र हंगामी माणूस हंगामीच राहतो. पद रिकामं झाल्यापासून सहा महिन्यांत नव्या राष्ट्रपतींची निवडणूक घ्यावीच लागते.

सैन्य राष्ट्रपतींचं ऐकतं का?

मालिकेत रॉस्लिन यांनी अडामांना डावलून एका पायलटला मोहिमेवर पाठवलं. अडामांनी सरळ राष्ट्राध्यक्षांनाच अटक करवली. नंतर मार्शल लॉ लागला आणि ‘गिडियन’ जहाजावर सैनिकांच्या गोळीबारात चार नागरिक मेले.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ५३ नुसार तिन्ही दलांचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे. पण ते कायद्याने वापरायचं, आणि कलम ७४ नुसार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे मोहिमेचा निर्णय राष्ट्रपती भवनातून एकट्याने होत नाही. प्रतिभाताईंनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उड्डाण केलं. ते सर्वोच्च सेनापती म्हणूनच होतं. पण त्या विमानाने कुठे लढायला जायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्या पदाला एकट्याला नाही.

कैद्याचा जीव कोणाच्या हातात?

रॉस्लिन यांनी खटला न चालवता कैद्याला मारलं. आपल्याकडे राष्ट्रपतींना याच्या उलट अधिकार आहे. कलम ७२ नुसार त्या शिक्षा माफ किंवा कमी करू शकतात. पण इथेही मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे. राष्ट्रपती फार तर सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात.

प्रतिभाताईंच्या कारकिर्दीत ३० हून अधिक कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली आणि त्यावर टीकाही झाली. २०१२ मध्ये परदेश दौऱ्यांवरचा खर्च आणि पुण्यातल्या लष्करी जमिनीवरचं निवृत्तीनंतरचं घर यावरूनही वाद झाला. जमीन त्यांनी नाकारली आणि विषय संपला. आपल्या राष्ट्रपतींभोवतीचे वाद बहुतेक वेळा खर्चाचे, औचित्याचे असतात. ज्या निर्णयांनी सामान्य माणसाचं आयुष्य हलतं, ते कागदावर राष्ट्रपतींच्या नावाने निघाले तरी घेतलेले मंत्रिमंडळाने असतात.

म्हणून रॉस्लिन यांची खरी तुलना आपल्या राष्ट्रपतींशी नाही, तर पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाशी करावी लागते. आणि तसं एक प्रकरण आपल्याकडे घडून गेलं आहे.

१९७५ मध्ये काय झालं होतं?

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे लोकसभेची मुदत वाढवण्यात आली.

मालिकेतला गर्भपातबंदीचा प्रसंग पाहताना त्या काळातलं एक विधेयक आठवायला हवं. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं, संमती मिळाली नाही आणि कायदा झाला नाही. तरी १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. रॉस्लिन यांना आकडा वाढवायचा होता, तेव्हाच्या सरकारला कमी करायचा होता. दोन्हीकडे युक्तिवाद एकच होता: देश वाचवायचाय, तुमच्या घरातला निर्णय आता आमचा.

खान्देशात हा विषय जुना झालेला नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८४२ मुली होत्या. इथे गर्भलिंग निदानावर बंदी हवीच. पण लिंगनिदान रोखणं वेगळं आणि कायद्याने दिलेला गर्भपाताचा हक्कच अडवणं वेगळं. आकड्याच्या भीतीने निर्णय घेतला की ही रेष पुसली जाते. मालिकेत नेमकं तेच झालं.

आणीबाणीनंतर काय बदललं?

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काही कुलपं लावली:

- मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही.
- ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण गेलं, ‘सशस्त्र उठाव’ हे कारण आलं.
- संसदेची मंजुरी एका महिन्यात घ्यावी लागते.
- जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होत नाही.

रॉस्लिन यांच्या वाट्याला असं एकही कुलूप नव्हतं. बारा वसाहतींच्या प्रतिनिधींचं मंडळ होतं, पण न्यायालय जवळपास नव्हतंच. मतपत्रिकांचा घोळ उघड झाला तो एका लष्करी अधिकाऱ्याला आकडे खटकले म्हणून. अडामांनी जाब विचारला, रॉस्लिन यांनी माघार घेतली आणि बाल्टर जिंकला.

मग रॉस्लिन बरोबर होत्या की चूक?

इथे मालिका प्रेक्षकाला अडचणीत टाकते. बाल्टरच्या कारभारात लोक एका ग्रहावर उतरतात आणि वर्षभरात सायलॉन येऊन तो ताब्यात घेतात. म्हणजे मतदार चुकले, रॉस्लिन यांची भीती खरी ठरली. मग घोळ केला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायचं का?

माझं उत्तर नाही असं आहे. भीती खरी ठरली हे वर्षभरानंतर कळलं. मतपेटीला हात लावताना रॉस्लिन यांच्याकडे फक्त खात्री होती, आणि खात्री तर प्रत्येक सत्ताधाऱ्याकडे असते. पुढे त्या पुन्हा अध्यक्ष झाल्यावर शत्रूला साथ दिल्याच्या आरोपावरून लोकांना गुपचूप मारणं त्यांनी थांबवलं आणि सर्वांना माफी जाहीर केली. त्या हरल्या, लोकांसोबत हाल सोसले आणि परत आल्या. माफी देण्याचा त्यांचा अधिकार लोकांना पटला तो त्यामुळे.

याचा जळगाव-धुळ्याशी काय संबंध?

मालिकेत एक बंडखोर कैदी जहाज ताब्यात घेतो आणि निवडणुकीची मागणी करतो. तोडगा निघतो तो असा: आधीच्या अध्यक्षांची मुदत सात महिन्यांनी संपते, तेव्हा निवडणूक होईल. मागे शत्रू लागलेला, पाण्याची टंचाई, घर म्हणून एक ग्रह नाही. तरी रॉस्लिन हे मान्य करतात आणि निवडणूक होते.

आता आपल्याकडे पाहू. जळगाव आणि धुळे महापालिकांच्या निवडणुका २०१८ मध्ये झाल्या. पाच वर्षं २०२३ मध्ये संपली. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधीच नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. प्रत्यक्षात ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद सर्वोच्च न्यायालयात अडकले, दोन्ही शहरांत प्रशासक आले आणि मतदानाला जानेवारी २०२६ उजाडला. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत तर २०२२ मध्येच संपली होती.

या काळात कुणी आणीबाणी जाहीर केली नव्हती. रस्त्यावर रणगाडे नव्हते. फक्त पाण्याची, गटारीची, रस्त्याच्या खड्ड्याची तक्रार घेऊन जायला वॉर्डात नगरसेवक नव्हता, आणि बजेट मंजूर करणाऱ्या माणसाला मत मागायला आपल्या दारात यायचं नव्हतं.

रॉस्लिन यांच्यावर टीका करणं सोपं आहे, कारण त्यांचा प्रत्येक निर्णय पडद्यावर दिसतो. पुढे ढकललेली निवडणूक तशी दिसत नाही. म्हणून एक साधी नोंद ठेवायला हरकत नाही: आपल्या ग्रामपंचायतीची, नगरपालिकेची, महापालिकेची मुदत कोणत्या तारखेला संपते? ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. त्या दिवसापर्यंत मतदान झालं नाही, तर विचारायचा पहिला प्रश्न तयार आहे.