माउसची तलवारबाजी

संगणकावरील तलवारयुद्धात जिंकायला महागडा माउस लागतो, असा समज आमच्या वसतिगृहात रूढ आहे. मला तो पटत नाही. २०१९ साली आलेल्या 'मोर्डहाउ' या खेळाचेच पाहा.

येथे बटण दाबताच वार लागत नाही. आधी तलवार उगारली जाते, मग पाते कमानीतून फिरते आणि अंगाला टेकेल त्या क्षणी जखम होते. तलवारीने केलेला बचाव मात्र क्षणभरच टिकतो. सारी मेख येथेच आहे. उजवीकडून डावीकडे वार सोडताना माउस डावीकडे वळवला, तर पाते लवकर पोचते. उजवीकडे वळवला, तर उशिरा. पहिल्याला 'ॲक्सेल' व दुसऱ्याला 'ड्रॅग' म्हणतात. समोरचा घाईने बचाव करतो, तो संपतो, आणि मग वार येतो!

नवख्याला ही लबाडी वाटते व तो खेळच सोडतो. वास्तविक वार चालू असताना वळण्याच्या वेगाला खेळानेच मर्यादा घातली आहे. माउस कितीही जोराने ओढला, तरी त्यापलीकडे लाभ नाही. म्हणून पैसे खर्चण्याआधी प्रतिस्पर्ध्याच्या पात्यावर नजर ठेवायला शिकावे. हुंडीप्रमाणे येथेही रक्कम तीच असते; मुदत तेवढी ओळखता आली पाहिजे.