यंत्रयुगातली माणसं (भाग 6) : आवाज ओळखीचा, बोलतंय कोण?

यंत्र आवाजाची नक्कल कसं करतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी 2023 मध्ये मांडलेल्या ‘वॅल-ई’ या यंत्रणेला त्यासाठी तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. पण पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे कळल्याने असा काय फरक पडतो, असं अनेक जण विचारतात.

त्याचं उत्तर नागपूरच्या शेजारीच आहे. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री सुप्रिया सुळे आणि नाना पटोले या विरोधी पक्षांच्या नेत्यांच्या आवाजातल्या म्हणून काही ऑडिओ क्लिप भाजपने समाजमाध्यमांवर टाकल्या. विषय होता बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा. दोघांनीही तो आवाज आपला असल्याचं नाकारलं. सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. त्यांचे चुलतभाऊ आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मात्र आवाज ओळखीचा असल्याचं सांगून चौकशी होईल असं म्हटलं. पुढे ‘बूम’ या तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थेने क्लिप तपासल्या, तेव्हा आवाज एआयने बनवल्याच्या खुणा सापडल्या. वर्षानुवर्षं ऐकलेल्या आवाजाबद्दल घरातल्याच माणसाचा कान एक सांगतो आणि तपासणी दुसरंच सांगते, तर तुमच्या-माझ्या कानाचा काय भरवसा?

निकाल लागला तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीतून पटोले निवडून आले, ते अवघ्या 208 मतांनी. क्लिपमुळे किती मतं इकडची तिकडे झाली, हे मोजायला कुठलंही माप नाही. पण निवडणूक इतकी अटीतटीची असते तेव्हा आदल्या रात्रीच्या एका क्लिपलाही वजन येतं. तपासणीचा निष्कर्ष लोकांपर्यंत पोचेपर्यंत बोटाला शाई लागलेली असते. समोर माणूस आहे असं धरून आपण मत देतो, पैसे पाठवतो, कधी एखाद्याशी संबंध तोडून टाकतो. यातलं बरंचसं नंतर परत घेता येत नाही.

जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर यांचा गेमिंग ॲपची भलामण करणारा बनावट व्हिडिओ फिरला. त्यांनी स्वतः तो खोटा असल्याचं जाहीर केलं. तेवढी पोच असलेले किती जण आहेत?

मग यंत्रानेच यंत्र ओळखावं, असं सुचवलं जातं. इथे मला मोठा धोका दिसतो. लेखनाचंच उदाहरण घ्या. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये यंत्रलिखित मजकूर ओळखणारं साधन आणलं. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्राचा फक्त 26 टक्के मजकूर पकडू शकलं आणि माणसाने लिहिलेला 9 टक्के मजकूर त्याने यंत्राचा ठरवला. जुलैत ते बंद झालं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राच्या नावावर टाकले. कारण साधं आहे : शब्दसंग्रह मर्यादित, वाक्यं सरळ, म्हणून पुढचा शब्द सहज ओळखू येतो, आणि ही साधनं नेमकं तेच यंत्राचं लक्षण समजतात. मराठी शाळेतून शिकून नागपूर विद्यापीठात इंग्रजीत प्रकल्प लिहिणारी मुलगी अशीच लिहिते. तिने रात्र जागून लिहिलेलं सॉफ्टवेअरच्या एका टक्केवारीवर खोटं ठरवणं, हा निव्वळ अन्याय आहे.

बनावट आवाजांची उलट बाजूही आहे. खरी ध्वनिफीत समोर आली तरी ‘ही एआयची आहे’ म्हणून हात झटकता येतात.

पोलिस स्वस्थ बसलेले नाहीत. राज्य पोलिसांचा ‘मार्वल’ हा एआय उपक्रम 2024 मध्ये आयआयएम नागपूरच्या सोबतीने इथेच उभा राहिला. कृत्रिम ध्वनिफिती आणि चित्रफितींवर तसं लेबल हवं, असा केंद्राचा नियमही फेब्रुवारी 2026 पासून लागू झाला. पण रात्री अकराला मुलाच्या आवाजात ‘आई, अपघात झाला, लगेच पैसे पाठव’ असा फोन येतो, त्यावर लेबल नसतं.

म्हणून आवाज पारखत बसू नका. फोन ठेवा आणि तुमच्याकडे जपून ठेवलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. घरच्यांनाच माहीत असेल असा एक प्रश्न आजच ठरवून ठेवा, आजी-आजोबांनाही सांगा. पैसे गेलेच, तर लाजेपोटी दोन दिवस घालवू नका. 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त.